रुमालाखालची बोटं

“पद्मजा, बोर्ड बंद कर,” गोगटे सर ओठ न हलवता म्हणाले.

मी बंद केला. पण तोवर सौद्याच्या हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी तो वाचला होता. जिथे बेदाण्याचा भाव दिसायला हवा, तिथे लाल अक्षरांत ‘कीपॅड नादुरुस्त’ असं उमटत होतं. एक ओळ गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी.

“यंत्राचा आज उपास दिसतोय,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला. त्या काळात कंप्यूटर म्हटलं की लोक आधी घाबरत आणि मग हसत. आमच्या वाट्याला थेट हसणंच आलं.

गोष्ट बरीच जुनी आहे. मी नुकतीच इंजिनिअर होऊन सांगलीत गोगटे सरांच्या दोन खोल्यांच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागले होते. यंत्रं बनवायचा मिरजेचा तौफिक मोमीन. सर, तौफिक आणि मी, संपली कंपनी. जवळच्याच एका बाजार समितीने आम्हाला बेदाण्याच्या सौद्यांचं काम दिलं होतं. हे सौदे पिढ्यान्‌पिढ्या रुमालाखाली चालत आलेले. घेणारा आणि शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि बोटांच्या खुणांनी भाव बोलत. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नसे. समितीला आता भाव सगळ्यांना दिसेल असा बोर्डावर हवा होता, आणि व्यापाऱ्यांना कोण किती बोललं हे झाकलेलंच राहायला हवं होतं. म्हणून आम्ही प्रत्येकापुढे एकेक कीपॅड ठेवला होता. त्यावर आकडा दाबायचा. सगळ्यांत चढा भाव बोर्डावर लागणार, बोलणाऱ्याचं नाव गुलदस्त्यात.

त्याआधी सरांनी व्यापाऱ्यांना जमवून एक भाषणही ठोकलं होतं. “घाबरायचं काही कारण नाही. आजवर जसा सौदा केलात अगदी तसाच करायचा. फक्त हात माणसाच्या ऐवजी यंत्राच्या हातात द्यायचा.” टाळ्या पडल्या होत्या. त्या वाक्यावर सर इतके खूश होते की परतताना गाडीत त्यांनी ते आम्हालाही पुन्हा ऐकवलं होतं.

आता मात्र त्यांची पाचावर धारण बसली होती. समितीचे सचिव घोरपडे जवळ आले आणि म्हणाले, “गोगटे, पुढच्या गुरुवारी आणखी एकदा बघू. तेव्हाही असंच झालं तर माझा इलाज नाही. पुण्याची एक कंपनी दारात उभी आहे.”

व्यापारी संघाचे अध्यक्ष कोरे अण्णा शेजारीच उभे होते. सत्तरीचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, कमी बोलणारा माणूस. कीपॅडवर टाकलेला आपला रुमाल त्यांनी उचलला, झटकला, नीट घडी करून खांद्यावर टाकला आणि तौफिकला म्हणाले, “मशीन बहिरं हाय बगा तुमचं.”

गाडीत बसल्यावर सरांनी निकाल दिला. “कीपॅड कच्चे आहेत. आणि हे काम गेलं तर सांगलीचं ऑफिस बंद. मी पुण्याला भावाकडे जाईन. तुम्ही तुमचं बघा.”

माझं ‘बघणं’ घरी केव्हाच सुरू झालं होतं. संध्याकाळी जेवायला घरी येता येईल एवढ्याच अंतरावर नोकरी करायची, ही वडिलांची अट होती, आणि सांगलीत प्रोग्रॅम लिहायला देणारं दुसरं दुकान नव्हतं. ऑफिस बंद झालं असतं तर पुढच्या महिन्यात मी कांदेपोह्यांची बशी घेऊन उभी असते. तौफिकचं दुःख निराळं होतं. ते कीपॅड त्याने स्वतःच्या हाताने, एकेक कळ पारखून बनवले होते. एरवी याचं तोंड बंद व्हावं म्हणून आम्ही नवस बोलत असू. त्या दिवशी सांगली येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेस उघडला. आमच्या प्रोग्रॅमला एक सवय लावलेली होती. तो जे जे करी ते ओळीओळीने सांगत जाई, आणि त्या सगळ्या ओळी या ट्रेसमध्ये साठून राहत. चूक शोधायची तर हाच साक्षीदार. पण साक्षीदार महा तोंडाळ. कामाचं आणि बिनकामाचं एकाच सुरात सांगणार. प्रत्येक कीपॅड सारखा ‘मी आहे, मी आहे’ असं कळवत असे, त्याचीही ओळ. बोर्डाने डोळा मिचकावला, त्याचीही ओळ. सगळं वाचायला बसले असते तर पुढचा हंगाम उजाडला असता.

ट्रेस दाखवणाऱ्या खिडकीत एक सोय होती, ती तोवर आम्ही कुणी वापरली नव्हती. तिथे बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमचं नाव द्यायचं. मग प्रत्येक ओळ आधी त्या प्रोग्रॅमकडे जाई, आणि तो जे परत देईल तेवढंच पडद्यावर येई. म्हणजे पिठाला चाळण लावावी तसं. मी चाळण लिहायला घेतली.

पहिल्या झटक्यात ‘मी आहे’वाले सगळे गाळले. ट्रेस निम्म्याहून आटला. उरले ते थोडे धड आकडे आणि एकाच तक्रारीचा ढीग: ‘चूक, एकापेक्षा जास्त कळा.’ दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की प्रोग्रॅम तो आकडा घेत नसे, आणि असं वरचेवर झालं की कीपॅड नादुरुस्त म्हणून मोकळा होत असे.

सर मागून डोकावले. “बघ. कळा एकमेकींना चिकटतायत. मी म्हणत नव्हतो? आता हा कचराही चाळणीतून गाळ, म्हणजे प्रोग्रॅममध्ये काही आहे का ते तरी दिसेल.”

मी गाळणारच होते. तौफिक उठून माझ्या टेबलापाशी आला.

“तो कचरा माझा आहे,” तो म्हणाला. “नीट बघितल्याशिवाय टाकू देणार नाही.”

“अरे, पण यात बघायचं काय? कीपॅड अमुक, कळा तमुक. नुसते आकडे आहेत.”

“मग माणसं घाल. कुठल्या कीपॅडवर कोण बसलं होतं ते आपल्याला माहीत आहे ना? तुझी चाळण नुसतं गाळते कशाला, जरा बोलू दे तिला. मराठीत.”

सर “पोरखेळ” असं पुटपुटत आपल्या खोलीत गेले. मला गंमत वाटली. चाळणीला ओळ मिळणार, तिने ती उलगडायची, कीपॅडच्या जागी नाव घालायचं, किती कळा दाबल्या ते मोजायचं आणि सरळ मराठी वाक्य परत द्यायचं. मूळ प्रोग्रॅमला हातसुद्धा लावायचा नव्हता. जेवायच्या सुट्टीपर्यंत ती तयार झाली, आणि पडद्यावर नाटकाची संहिता असावी तशा ओळी उमटायला लागल्या.

*शहाशेठ: त्रेपन्न.*
*कोरे अण्णा: पाच कळा एकदम.*
*कोरे अण्णा: चार कळा एकदम.*
*शहाशेठ: पंचावन्न.*
*कोरे अण्णा: पाच कळा एकदम.*
*कोरे अण्णा: पाच कळा एकदम. एक कळ.*

तौफिक डबा उघडून शेजारी बसला होता. मी वाचत गेले आणि तो हातात घास धरून ऐकत राहिला.

“एक गोष्ट बघ,” मी म्हटलं. “चिकटलेल्या कळा फक्त म्हाताऱ्यांच्या आहेत. तरुण शहाशेठ, त्याचा भाऊ, यांचं सगळं सुरळीत.”

“म्हणजे माझे कीपॅड माणसाचं वय बघून बिघडतात,” तो म्हणाला. “भारीच बनवलेत की मी.”

मी पुन्हा वर गेले. शहाशेठ त्रेपन्न बोलला. अण्णांनी पाच कळा दाबल्या, मग चार. शहाशेठ पंचावन्न बोलला. अण्णांनी पाच दाबल्या, मग पाच आणि एक. मी माझा हात टेबलावर ठेवून बघितला. पाच बोटं. मग चार बोटं. मला एकदम इतकं हसू आलं की खुर्चीत नीट बसवेना.

“तौफिक, कीपॅड बिघडलेले नाहीत. अण्णा बोलतायत. रुमालाखाली बोलतात तसंच बोलतायत. पाच आणि चार म्हणजे चोपन्न.”

तौफिकने हातातला घास तसाच डब्यात ठेवला आणि चप्पल घालायला उठला.

कोरे अण्णांची पेढी मार्केट यार्डात होती. बेदाण्याच्या आंबटगोड वासाने भरलेली, गादी-तक्क्याची. त्यांनी आम्हाला बसवलं, ताटलीत बेदाणे पुढे ठेवले आणि माझं आडनाव ऐकून आधी चौकशी केली.

“मगदूम म्हंजे कुठल्या मगदुमांची तू?”

मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. ओळख पटली. मग मी म्हटलं, “अण्णा, काल बेदाण्याच्या तिसऱ्या ढिगाला तुम्ही चोपन्न बोललात. आणि शहाशेठ पंचावन्नला गेला तेव्हा छप्पन्न.”

अण्णांचा हात ताटलीवर थांबला. मला वाटलं होतं, ते खूश होतील. पण त्यांचा चेहरा पार उतरला.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“ट्रेसमध्ये दिसलं. म्हणजे यंत्र जे ऐकतं ते लिहून ठेवतं, त्यातून.”

“म्हंजे मी काय बोललो ते त्येनं लिवून ठेवलंय. आनि तू वाचलंस.” ते सावकाश बोलले. “झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. साठ वर्सं ही मूठ कुणाला दिसली न्हाई. माझ्या पोराला न्हाई. तुमी एका दिसात उघडून बसलासा. आता मी सगळ्यास्नी सांगतो, हात लावू नका त्या डबड्याला.”

इथे आमचं काम चूक सापडल्यामुळेच जायची वेळ आली. तौफिक माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगण्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं.

“अण्णा, यंत्राने नाव लिहिलेलंच नाही. त्याला फक्त कीपॅडचा नंबर माहीत. नावं मी घातली, चूक सापडत नव्हती म्हणून. ज्या चाळणीने नावं घातली तीच चाळण नावं काढूही शकते. नंबरसुद्धा. तुम्ही स्वतः येऊन बसा, माझ्या पडद्यासमोर. एक जरी नाव दिसलं तर डबडं उचलून आम्हीच परत नेतो.”

अण्णांनी ताटलीतले दोन-चार बेदाणे निवडून बाजूला काढले. मग म्हणाले, “मला सांग, तुमच्या सायबानंच सांगितलं न्हवं? जसा सौदा करता तसाच करा, हात मशीनच्या हातात द्या. मी दिला की हात. त्येला कळंना, तर त्यात माझं काय चुकलं?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “यंत्राला तुमची भाषा शिकवायची राहिली होती. आता शिकवतो. पण आधी आम्हाला शिकवा.”

मी हात पुढे केला. अण्णांनी आपला हात मागे घेतला. “बाईमानसाचा हात रुमालाखाली घेत न्हाईत आमच्यात. ह्येचा घेतो.”

मला ते लागलं. पण वाद घालायची वेळ नव्हती. त्यांनी तौफिकचा हात ओढून घेतला आणि वर रुमाल टाकला. तौफिकला गुदगुल्या होतात, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा एक बोट धरत आणि हा “ओ अण्णा, ओ अण्णा” करत गादीवर लोळत. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. सहाला पंजा धरायचा आणि लगोलग एक बोट. दशकाचा आकडा आधी, मग थोडं थांबायचं, मग सुट्टे.

“थोडं म्हणजे किती?” मी विचारलं.

“श्वास घिऊस्तोवर,” अण्णा म्हणाले. मी त्यांना काही वेळ नुसतं श्वास घेताना बघत बसले. त्यांना वाटलं असणार, पोर भक्तिभावाने बघतेय.

ऑफिसात परत आलो तेव्हा सरांना सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“म्हणजे,” शेवटी ते म्हणाले, “माझं भाषण कुणीतरी नीट ऐकलं तर.”

मग त्यांनी तौफिकची माफी मागितली, तीही चांगली उभं राहून. माणूस मनाने मोठा होता. तौफिक लाजून कीपॅड पुसत बसला.

गुरुवारपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. जी चाळण आजवर प्रोग्रॅमच्या मागे बसून त्याची बडबड गाळत होती, तीच उचलून मी त्याच्या पुढे बसवली. कीपॅडकडून जे येईल ते आधी तिच्याकडे. कुणी एकेक कळ दाबून चोपन्न म्हटलं तरी चोपन्न, कुणी पाच बोटं आणि चार बोटं दाबली तरी चोपन्न. दोन्हींच्या मध्ये अण्णांच्या एका श्वासाएवढी वाट बघायची. तौफिक अण्णा होऊन रुमालाखालून भाव बोलायचा आणि मी बोर्ड बघायची. सर शहाशेठ व्हायचे आणि मुद्दाम जास्त बोलायचे. आमच्या ऑफिसात त्या दिवसांत बेदाण्याला जो भाव आला तो आजतागायत कुणाला मिळालेला नाही.

गुरुवारी हॉल गच्च भरला होता. अर्धे लोक सौद्याला आले होते, अर्धे आमची फजिती बघायला. अण्णा सरळ माझ्या पडद्यापाशी आले, चष्मा चढवला आणि म्हणाले, “दाव.”

पहिला ढीग पुकारला गेला. रुमाल पडले. बोर्ड क्षणभर काळा राहिला. मग त्यावर एक्कावन्न लागलं. मग बावन्न. मागच्या बाकावरचे एक आजोबा, ज्यांचा कीपॅड मागच्या वेळी सगळ्यांत आधी ‘नादुरुस्त’ झाला होता, त्यांनी रुमालाखाली हात हलवला आणि बोर्डावर चोपन्न आलं. आजोबांनी बोर्डाकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि शेजाऱ्याच्या पाठीत एक धपका घातला.

माझ्या पडद्यावर ओळी येत होत्या.

*कुणीतरी: एक्कावन्न.*
*कुणीतरी: बावन्न.*
*कुणीतरी: चोपन्न.*

अण्णांनी त्या वाचल्या. ओठांवर बोट ठेवून पुन्हा वाचल्या. “कुनीतरी,” ते म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. “ह्ये बेस केलंस.” आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले, रुमाल टाकला आणि पुढच्या ढिगाला कुणीतरी जोरात भाव चढवत नेला. तो कोण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सौदे संपल्यावर सचिवांच्या खोलीत चहा आला. घोरपडे खूश होते, पण सरकारी सावधपणा त्यांच्या हाडात होता. “एक वर्षासाठी देऊ काम,” ते म्हणाले. “मग पुढचं पुढे.”

सरांचा चेहरा पडला. एका वर्षावर ऑफिस तगलं नसतं. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. सर काहीतरी बोलायला गेले, अडखळले, “जरा जास्त मिळालं तर” म्हणाले आणि चहा सांडून बसले.

अण्णांनी बशी खाली ठेवली. “व्यापाऱ्यांच्या वतीनं मी ठरवू का, घोरपडे सायेब?”

“ठरवा की. वापरणार तुम्ही.”

“मग अशी वराडून बोली कशाला. आमच्यात रीत न्हाई ती.” त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. सरांनी लगबगीने हात पुढे केला. अण्णांनी मान हलवली. “तुमी न्हाई. तुमाला भाषा येत न्हाई.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ये पोरी. हात दे.”

घोरपड्यांचा कप तोंडापाशी थांबला होता. ज्या रीतीला पेढीवर माझा हात चालला नव्हता, ती रीत अण्णांनी माझ्यासमोर, भरल्या खोलीत बाजूला सारली होती. माझे डोळे भरून आले. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. रुमाल पडला.

त्यांनी माझं एक बोट धरलं. मी त्यांचा अख्खा पंजा धरला. त्यांनी तीन बोटं धरली. मी पुन्हा पंजा. अण्णांनी भुवई उचलली. त्यांनी माझी चार बोटं धरली आणि जरा दाबून ठेवली, जशी समजूत घालावी तशी. मी पंजा सोडला नाही. मग रुमालाखाली काही वेळ काहीच झालं नाही. मग जे झालं त्याने मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, जणू त्यांचा या हाताशी काही संबंध नव्हता. माझ्या तळव्यावर एक हलकी थाप देऊन त्यांनी रुमाल उचलला.

“ठरलं,” अण्णा म्हणाले. “घोरपडे सायेब, आकडा तुमच्या कानात सांगतो. लिवून टाका.”

“काय ठरलं?” सरांनी विचारलं.

“ते तिला इचारा. रुमालाखालचं तोंडानं बोलत न्हाईत.”

सर सांगलीपर्यंत मला विचारत राहिले. एवढं तरी सांग, दोन वर्षं का? तौफिक पाया पडायला तयार झाला. मी काही बोलले नाही. रीत म्हणजे रीत. ऑफिसात आल्यावर मी कीपॅड पुढे ओढला, त्यावर माझी ओढणी टाकली आणि बोर्ड सुरू केला.

“बघा,” मी म्हटलं, आणि ओढणीखाली पाच बोटं दाबली.

बोर्ड अण्णांच्या एका श्वासाएवढा थांबणार होता. सर तेवढ्यात “पाच!” म्हणून ओरडले आणि त्यांनी तौफिकला मिठी मारली. म्हणून माझं शेवटचं बोट त्यांना दिसलं नाही. अण्णांनी माझी पाच वर्षं मान्य केली होती, आणि वर आपणहून, शुभाचं म्हणून, एक बोट आणखी धरलं होतं.

बोर्डावर सहा लागला.